हळद-दुधाचा मेसेज आणि केमोतली मुलं

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: ‘केमो चालू असलेल्या मुलाला दुधात कच्ची हळद ढवळून द्या, बुरशी जवळ फिरकणार नाही. दवाखान्यातली बुरशीची औषधं किडनी घालवतात. ताप आला तर आधी काढा द्या, सकाळी बघू.’

हळदीचं आधी. प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीतलं कर्क्युमिन बुरशीची वाढ रोखतं, हे खरंय. पण पोटातून ते रक्तात पोचतं अगदी थोडं. शिवाय अ‍ॅस्परजिलस ही बुरशी शिरते श्वासावाटे, थेट फुप्फुसात. कँडिडा ही दुसरी बुरशी बहुधा आतड्यातून किंवा सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) रक्तात उतरते. एरवी त्यांना अडवतात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, आणि केमोने नेमक्या त्याच पडलेल्या असतात. त्यांचा काउंट दहा दिवसांहून जास्त खाली राहिला, त्यात स्टिरॉइड असलं, की धोका वाढतो. त्यातून आपली हळद शिजवल्यावर उघड्यावर वाळते, मग पोत्यांत पडून राहते. अशा मसाल्यात बुरशीचे बीजाणू असू शकतात. फोडणीत किंवा उकळीत ते बहुतेक मरतात, म्हणून भाजी-आमटीतल्या हळदीला ना नाही. कच्ची ढवळून मात्र नकोच. सांगलीकरांनी हळदीचा अभिमान बाजारभावापुरता ठेवावा!

किडनीची गोष्ट अर्धी खरी. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीचं औषध किडनीला त्रास देतं, पोटॅशियम उतरवतं. म्हणून तर आधी सलाइन लावतात आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पुन्हा पुन्हा तपासतात. त्याचा लायपोसोमल प्रकार (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेला) त्या मानाने सौम्य. मेसेजवाल्याला ठाऊक नसलेली अडचण वेगळीच आहे: इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या बुरशीच्या औषधांमुळे ब्लड कॅन्सरच्या व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधाचा विषारीपणा वाढतो. पाय लुळे पडणं, पोट गच्च होणं, क्वचित झटके येणं. औषधं अशी एकमेकांत अडकतात, त्यामुळे मुलाला चूर्ण-काढा काहीही देत असाल तर डॉक्टरांना सांगा. ओरडा बसला तरी चालेल.

काढ्याचा सल्ला सर्वांत घातक. न्यूट्रोफिलचा काउंट (दर मायक्रोलिटर रक्तात) ५००च्या खाली असताना आलेला ताप आधी जिवाणूंचा धरतात, कारण ते काही तासांत जीव घेतात. अँटिबायोटिकची पहिली मात्रा तासाभरात जायला हवी. ती चालू असूनही जोखमीच्या मुलाचा ताप चार दिवस हटला नाही, तर बुरशीचा शोध घेतात: छातीचा सीटी, कधी रक्तातली गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या भिंतीतला घटक) तपासणी.

जत-आटपाडीहून रात्री निघणं सोपं नाही, मान्य. तरी ताप ३८ अंशांवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर टिकला तर वॉर्डला फोन करून निघायचं. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही, ताप झाकला जातो. थर्मामीटर काखेत लावायचा, गुदद्वारात कधीच नाही.