राग आधी उंची बघतो

ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला की वसईतल्या आमच्या चर्चमध्ये एका संध्याकाळी सामुदायिक पापनिवेदन असतं, म्हणजे एकेकाने फादरांच्या कानात आपली पापं कबूल करायची. आजूबाजूच्या धर्मग्रामांतून, म्हणजे शेजारच्या चर्चांमधून, फादर येतात, जागा सापडेल तिथे खुर्ची टाकून बसतात आणि आम्ही त्यांच्यापुढे रांगा लावतो. बाहेरचे फादर बोलावण्यात फार मोठी दया आहे. आपल्या फादरांना आपला आवाज पाठ असतो. त्यांच्या कानाशी लागून 'फादर, मी फार चिडतो' म्हणायचं आणि रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, त्यांच्याशीच पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या, याला काळीज लागतं.

रांग निवडण्याचंही एक शास्त्र आहे. तरुण फादर टाळायचे, ते प्रश्न विचारतात. मधल्या वयाचे समुपदेशनाचा कोर्स करून आलेले असतात, ते तुमच्या बालपणात शिरतात. सगळ्यात लांब रांग असते ती कानाने जरा मंद असलेल्या म्हाताऱ्या फादरांपुढे. धोका एकच. त्यांना ऐकू आलं नाही तर ते 'काय केलंस म्हणालास?' असं खणखणीत विचारतात आणि तुमचं पाप तिसऱ्या बाकापर्यंत पोचतं. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो यांनी १५७७ साली चर्चच्या बांधणीचे आणि सामानाचे नियम छापून काढले, त्यात फादर आणि पापी यांच्यामध्ये जाळी असलेल्या लाकडी बैठकीचं बारीक वर्णन आहे. खुर्चीपुढच्या रांगेत उभं राहिलं की या संताची थोरवी कळते.

१२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्माधिकाऱ्यांच्या सभेने, प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केलंच पाहिजे असा नियम घातला. तो मी पाळतो. अडचण अशी की माझी यादी दरवर्षी तीच असते. राग, आणि त्याखाली पुन्हा राग.

तोही कुठे यावा? संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्ट पकडून वसईला उतरायचं म्हणजे काय, ते पश्चिम रेल्वेवाल्यांना सांगायला नको. दारात विरारचा ग्रुप उभा असतो. 'वसईला उतरायचं तर या गाडीत चढलास कशाला?' हा प्रश्न मला एका पैलवानी अंगाच्या गृहस्थाने विचारला, तेव्हा माझ्यात रागाचा लवलेश नव्हता. मी 'सॉरी हं दादा' म्हणालो, तेही हसून. ऑफिसात साहेबांनी माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं, तेव्हाही मी शांत होतो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशीही मी नम्र असतो, कारण तो निघून गेला तर दुसरा मिळत नाही. इतका सोशीक माणूस गल्लीत शिरतो, आपल्या फाटकासमोर शेजाऱ्याची स्कूटर आडवी बघतो आणि घरात येऊन बायकोला विचारतो, 'भाजीत मीठ किती घातलंय?'

बायको म्हणते, 'अजून वाढली नाही.'

माझा राग म्हणजे अत्यंत सभ्य गृहस्थ. तो आधी समोरच्याची उंची बघतो, मग त्याचा हुद्दा, मग त्याचं आपल्यावाचून काही अडतं का ते. सगळं जुळलं तरच बाहेर पडतो.

चर्चच्या परंपरेत रागाला मान मोठा आहे. चौथ्या शतकातल्या इवाग्रियस नावाच्या संन्याशाने आठ दुष्ट विचारांची यादी केली, त्यात राग होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्या यादीत फेरफार करून सात मुख्य पापं ठरवली, त्यातही राग टिकला. भित्रेपणाचं नाव मात्र सातांत नाही. उलट देवाचं भय हे पवित्र आत्म्याचं दान. तेव्हा साहेबांपुढे मी गप्प बसतो त्याचा हिशेब मागणारा रकानाच नाही. आणि संत थॉमस अक्वायनस म्हणतात, की योग्य कारणासाठी, योग्य मापात आलेला राग पाप नव्हे. माझं कारण नेहमीच योग्य असतं. मापाचं काय ते बायकोला विचारा.

खरा धीर देतात ते संत जेरोम. बायबल लॅटिनमध्ये आणणारा हा महापंडित भयंकर तापट होता. रुफिनस हा त्यांचा तरुणपणापासूनचा मित्र. ओरिजेन नावाच्या जुन्या ख्रिस्ती पंडिताच्या शिकवणीवरून दोघांचं बिनसलं. रुफिनस सिसिलीत वारला, तरी जेरोम त्याला विंचू म्हणत राहिले. हे संत, आणि चर्चचे आचार्यही. तीस सप्टेंबरला त्यांच्या सणाला मी आवर्जून मिस्साला जातो.

आमचा विंचू, म्हणजे तो स्कूटरवाला शेजारी, रविवारी माझ्याच पुढच्या बाकावर बसतो. मिस्सात एकमेकांना शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की तो सावकाश मागे वळतो. १९६९ साली भारतातल्या चर्चला काही देशी पद्धतींची परवानगी मिळाली, त्यात शांतीचं चिन्ह हात जोडून द्यायचं ठरलं. ज्यांनी ठरवलं त्यांचं देव भलं करो. हस्तांदोलन असतं तर मी त्याची बोटं मोडली असती. म्हणजे, मोडावीशी वाटली असती.

तर परवा रांगेत माझा नंबर लागला. म्हाताऱ्या फादरांची रांग चर्चच्या बाहेर गेली होती, म्हणून नाइलाजाने तरुण फादर.

'कशाचा राग येतो?'

'शेजारी फाटकासमोर स्कूटर लावतो, फादर.'

'त्याला कधी सांगितलंत?'

'नाही.'

'का?'

'भीती वाटते.'

'भांडखोर आहे का?'

'नाही, गरीब आहे बिचारा. पण त्याचा पाण्याचा टँकर आहे, फादर. मे महिन्यात आमच्या गल्लीत पाणी कधी आणि कोणाकडे आधी, ते तोच ठरवतो.'

फादर गप्प झाले. मी घाईघाईने म्हटलं, की मला पश्चात्ताप झालाय, पण तो बराचसा नरकाच्या भीतीने झालाय, तर चालेल ना? ते म्हणाले, चालतं. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ सालीच तशी सोय करून ठेवली आहे, भीतीपोटी झालेला पश्चात्तापही या संस्कारात पुरतो. माझ्यासारख्यांचा इतका विचार कोणी केला असेल असं वाटलं नव्हतं. प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' प्रार्थना मिळाल्या, शिवाय शेजाऱ्याशी ईस्टरपूर्वी दोन शब्द गोड बोलायचे. हे दुसरं जास्त झालं असं माझं अजूनही मत आहे.

क्षमेचे शब्द म्हणून झाले. क्रूसाची खूण करून मी उठत होतो, तेवढ्यात फादरांनी हाताने थांबवलं.

'पापनिवेदन संपलं. हे त्याच्या बाहेरचं विचारतो,' ते हळूच म्हणाले. 'आमच्या धर्मग्रामाचा सण मे महिन्यात आहे आणि विहीर आताच तळाला गेलीय. त्या टँकरवाल्याचा नंबर आहे का तुमच्याकडे?'