रशियानं मायक्रोवेव्ह ओव्हनवर बंदी घातली होती का? त्या मेसेजमधलं एकेक बघू

मंडळी, तो मेसेज परत फिरायलाय. "१९७६ ला रशियानं मायक्रोवेव्ह ओव्हनवर बंदी घातली, अमेरिकन नेव्हीनं १९७१ लाच धोका सिद्ध केलता, मॉस्कोतल्या वकिलातीची माणसं त्या लहरींमुळं कॅन्सरनं गेली, स्विस शास्त्रज्ञाचं तोंड कोर्टानं बंद केलं." हे वाचून राजारामपुरीतल्या माझ्या आत्यानं ओव्हन माळ्यावर टाकलाय आणि संधिवाताच्या हातांनी दुधाचं पातेलं गॅसवरनं उतरवतीय. म्हणून लिहितोय, जरा लांब झालं तरी पूर्ण वाचा.

पहिलं, बंदी. अशी बंदी कधी नव्हतीच, उलट १९८०च्या दशकात सोव्हिएत कारखान्यांतच ओव्हन बनायचे. खरं एवढंच की माणसाच्या अंगावर किती लहरी पडल्या तर चालतील याची त्यांची मर्यादा लई कडक होती. रडारवर (त्यातही याच लहरी असतात) काम करणाऱ्यांत डोकेदुखी, थकवा, झोप न लागणं असल्या तक्रारी तिथल्या डॉक्टरांनी नोंदवल्या, आणि १९५०च्या दशकाच्या शेवटी दिवसभराच्या कामासाठी चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोवॅट ही मर्यादा ठरली. अमेरिकेत हर्मन श्वान या शास्त्रज्ञानं १९५३ ला अंग किती तापतं याचा हिशोब करून १० मिलिवॅट सुचवली होती, म्हणजे हजारपट जास्त. हा फरक खरा होता, त्यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले, आणि या वादाला थोतांड म्हणणं मला पटत नाही. पण माणूस लहरींच्या झोतात किती वेळ उभा राहतो याचा तो वाद होता, ओव्हनमधल्या भाताचा नव्हे.

आता मॉस्को. १९५३ पासून अमेरिकेच्या वकिलातीवर लहरींचा झोत सोडला जायचा हे खरं, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना ते १९७६ पर्यंत सांगितलंच नाही, ही सरळ फसवणूक होती, त्या लोकांचा राग मला शंभर टक्के कळतो. काही राजदूत कॅन्सरनं गेले हेही खरं. पण दोन-तीन माणसांवरनं निष्कर्ष कसा काढणार? म्हणून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलिएनफेल्ड यांनी मॉस्कोतले सुमारे १८०० कर्मचारी घेतले आणि पूर्व युरोपातल्या दुसऱ्या वकिलातींमधल्या सुमारे २५०० जणांशी त्यांची तुलना केली. १९७८ चा त्यांचा अहवाल सांगतो की झोतामुळं मृत्यू वाढल्याचा पटण्यासारखा पुरावा मिळाला नाही. माणसं अजून तरुण आहेत, दूरचे परिणाम दिसायला वेळ लागेल, हेही त्यांनीच लिहिलं. झोत तरी केवढा होता, तर अमेरिकेच्या त्या मर्यादेच्या कित्येकशे पट खाली.

नेव्हीचं १९७१ चं ते "सिद्ध केलेलं" म्हणजे नेव्हीतल्याच झोरी ग्लेझर या संशोधकानं केलेली जगभरच्या दोन हजारांवर लेखांची सूची. कोणी काय नोंदवलं त्याची यादी, बास. त्यात एकमेकांना खोडणारेही लेख आहेत, कुठला बरोबर याचा निवाडा त्यात केलेला नाही. नेव्हीतली माणसं खरोखर मोजली गेली ती नंतर, कोरियन युद्धातल्या सुमारे ४०,००० जणांची, कमी आणि जास्त रडार लागलेल्यांची. १९८० ला निकाल आला, जास्तवाल्यांत एकूण मृत्यू जास्त नव्हते.

मेसेजमधला स्विस शास्त्रज्ञ म्हणजे हान्स हर्टेल. ओव्हनमधलं खाऊन रक्तात काय बदलतं हे बघणारा त्यांचा प्रयोग झाला आठ माणसांवर. कोर्टानं त्यांना बोलायला बंदी केली हे खरं, आणि १९९८ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ती बंदी चुकीची ठरवली हेही खरं. पण तो निकाल बोलायच्या हक्काचा आहे, प्रयोग बरोबर होता असा नव्हे.

जेवण "रेडिओॲक्टिव्ह" व्हायचा तर प्रश्नच नाही. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरीत रेणूचा बंध तोडण्याइतकीसुद्धा ताकद नसते, ती पाण्याचे रेणू हलवते आणि पांढरा रस्सा गरम होतो.

मग धोका काय? उष्णता. १९४८ च्या सुमारालाच प्राण्यांवरच्या प्रयोगांत जोरदार मायक्रोवेव्हनं मोतीबिंदू झालेला दिसला, कारण डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, तिथली उष्णता वाहून न्यायला काही नाही. म्हणून तर ओव्हनच्या गळतीला कायद्यानं मर्यादा आली. अमेरिकेत १९७१ पासून ओव्हनपासून ५ सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट, आणि लांब जाल तशी गळती झपाट्यानं कमी होते.

रविवारी आत्याचा ओव्हन मी माळ्यावरनं काढणार आहे. दार वाकलंय का, बिजागरी ढिली झालीय का, जाळी फाटलीय का एवढं बघणार, आणि यातलं काही असलं तर दुरुस्त होईपर्यंत तो सुरू करणार नाही. तुम्हीही घरच्या ओव्हनचं दार आजच बघून घ्या.