सहा तासांत स्टेशन ‘छापलं’ म्हणे!

“जपानने सहा तासांत रेल्वे स्टेशन थ्री-डी प्रिंट केलं. आता चाकं, रूळही स्वस्तात रातोरात प्रिंट होणार. टर्नर-फिटर संपले, मुलांना कोडिंगला घाला.” हा मेसेज चार ग्रुपवर आला, मी गप्प बसलो. परवा ताईचा फोन आला, औंधच्या आयटीआयमधून भाच्याचं नाव काढायचं घाटतंय. टर्नरचं एक वर्ष झालंय पोराचं!

आधी ते स्टेशन. वाकायामातलं हात्सुशिमा. जेआर वेस्ट या तिथल्या रेल्वे कंपनीनेच सांगितलंय की भाग कुमामोतोच्या कारखान्यात छापून काँक्रीटने मजबूत करायला सात दिवस लागले. मग ट्रकने आणून मार्च २०२५ मध्ये एका रात्री, शेवटची गाडी गेल्यावर, क्रेनने रचले. सहा तास ते एवढ्याचे. आणि ‘स्टेशन’ म्हणजे दहाएक चौरस मीटरची खोली, पुण्याचं शिवाजीनगर नव्हे. तिकीट यंत्रं बसून ती उघडायला जुलै उजाडला.

चाकं? बेंगळुरूजवळ येलहंकाच्या रेल्वे चाक कारखान्यात ग्रॅफाइटच्या साच्यात पोलाद भरायला काही मिनिटं लागतात. तेच छपाईत थरावर थर चढवत करणं म्हणजे चमच्याने हौद भरणं. स्वस्त म्हणाल, तर छपाईला लागणाऱ्या धातूच्या पावडरीचा भाव एकदा साध्या पोलादी सळईच्या भावाशेजारी ठेवून बघा.

एक मान्य करतो, जिवावर येतंय तरी. जर्मनीची रेल्वे कंपनी डॉइच बान २०१५ पासून सुटे भाग छापून घेते, सुरुवातीला तर कोट अडकवायचा हूकसुद्धा. जुन्या इंजिनाचा पुरवठादार बंद पडलाय, ओतकामाचा पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) गायब आहे आणि नग हवेत दोनच, तर छपाई सरस. दोन नगांसाठी भट्टी लावायला भोसरीत कोणी फाउंड्रीवाला उभा करत नाही.

पण त्याच जर्मनांनी शंटिंग (यार्डात डबे हलवणाऱ्या) इंजिनाच्या बेअरिंगचं झाकण तार वितळवत थर चढवून केलं, तेही पुढे मशीनिंगला गेलंच. छापलेला धातू खडबडीत असतो. बेअरिंग बसायची जागा कापूनच साइजला येते. यात नवं काय? झिजलेला शाफ्ट वेल्डिंगने भरायचा आणि लेथवर टर्न करायचा, हे आमच्या मशीन शॉपमध्ये रोजचं. रेल्वेसुद्धा रुळांची झिजलेली क्रॉसिंग भरून ग्राइंड करत आलीय. भरणारा उद्या रोबो होईल, मायक्रोमीटर लावून साइज पकडणारा कुठून छापणार?

ताईला म्हटलं, नाव काढू नकोस, सोबत सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आणि कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग) शिकू दे. रविवारी पोराला शॉपमध्ये बोलावलंय. एक भरलेला शाफ्ट लेथच्या चकमध्ये बांधून ठेवलाय.