हाताला दोर गुंडाळू नका : ‘गळाच्या दोराचे पाच नियम’ या संदेशाला उत्तर

निपाणीपासून खानापूरपर्यंत गळ टाकणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एक, तंगूस (नायलॉनचा एकेरी दोर) फेकून द्या, ब्रेडेड (बारीक तंतूंचा विणलेला) दोर घ्या, तो सगळ्या माशांना चालतो. दोन, पाकिटावर जितके किलो लिहिलेत तेवढ्याच वजनाचा मासा निघतो. तीन, फ्लोरोकार्बन (दुसऱ्या एका प्लास्टिकचा एकेरी दोर) पाण्यात अजिबात दिसत नाही. चार, रीलवर (दोर गुंडाळायच्या चाकावर) पैसे घालू नका, ब्रेडेडचे हाताला दोन वेढे घ्या आणि ओढा, तुटणारच नाही. पाच, गाठ कसलीही मारा, वर फेविक्विकचा थेंब टाका. भाच्यानं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, चौथं खरं काय? रविवारी हिडकल धरणावर जायलोय.’ म्हणून सुरुवात चौथ्यापासून.

खरं आहे, तो तुटणार नाही. धोका नेमका तिथंच आहे. साधारण दहा किलोचा ताण घेणारा तंगूस ०.४० मिलिमीटर जाड असतो. तेवढाच ताण घेणारा ब्रेडेड ०.२० मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे जेमतेम निम्मा. तेवढाच भार निम्म्या रुंदीच्या कातडीवर येतो, आणि पाण्यानं मऊ झालेली कातडी लगेच कापते. त्यात तंगूस तुटण्याआधी पाचव्या हिश्शाइतका तरी ताणला जातो, त्यामुळे धक्का मुरतो. ब्रेडेड तीन-चार टक्क्यांच्या पुढे ताणत नाही. सात-आठ किलोच्या कटल्यानं तोंड फिरवलं की तो हिसका सरळ बोटावर येतो. वेढा ओढाल तितका आवळतो आणि ताण असेपर्यंत सुटत नाही. कातडीखाली स्नायूबंध असतात, तिथपर्यंत तो पोचू शकतो. शेवाळलेल्या बंधाऱ्यावर उभे असाल तर त्याच हिसक्यानं तोलही जातो.

आपल्याकडं हातानं दोर टाकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात काही वाईट नाही. पण त्याला ०.५० ते ०.६० मिलिमीटरचा तंगूसच पाहिजे. तो बाटलीला किंवा फळीच्या तुकड्याला गुंडाळा. मासा लागला की मूठ न आवळता दोर बोटांवरून सरकू द्या, सुती हातमोजा घाला, आणि ओढून घेतलेला दोर पायात न ठेवता एका बाजूला पाडा. शेवटच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची हातभर पट्टी बांधून ती खुंटीला अडकवली की हिसका रबर खातं. गळ तळाला अडकला तर दोर काठीला गुंडाळा, तोंड फिरवा आणि सरळ मागं चालत जा. दोराला वजनासाठी लावलेलं शिसं सुटलं की गोळीसारखं परत येतं, म्हणून तोंड फिरवायचं. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात तर उतरूच नका. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या कृष्णाकाठी मगरी आहेत. खिशात धारदार चाकू ठेवा. बोटाभोवती वेढा बसला तर ओढाओढ न करता दोर कापायचा.

आता दुसरा मुद्दा, किलोचा. पाकिटावरचा आकडा माशाच्या वजनाचा नाही. कोरा, बिनगाठीचा दोर किती ताणाला तुटतो, तो हा आकडा. मासा पाण्यात असतो तेव्हा त्याचं बहुतेक वजन पाणीच पेलतं. दोर तुटतो तो हिसक्यानं, गाठीपाशी किंवा दगडावर घासून. १९३९ मध्ये स्थापन झालेली ‘आयजीएफए’ ही संस्था गळाच्या मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवते. ती दोराचे वर्ग भिजवून तपासलेल्या ताकदीवर ठरवते. दोराच्या वर्गाच्या पाचपट, दहापट, पंधरापट, वीसपट वजनाचा मासा काढणाऱ्यांची ती वेगळी नोंद ठेवते. म्हणजे चार किलोच्या दोरावर चाळीस किलोचा मासा ही तिथं नोंदीची गोष्ट आहे. संदेश लिहिणाऱ्यानं एवढं वाचलं असतं तरी दुसरा नियम लिहिला नसता.

भिजवून का तपासतात? नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की थोडं कमजोर होतं. पाकिटावरचा आकडा बऱ्याचदा कोरड्या दोराचा असतो. म्हणून किलोपेक्षा मिलिमीटर बघून घ्या. रील असेल तर ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रीलनं दोर सोडायचा ते ठरवणारा ब्रेक, दोराच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर लावा. सहा किलोचा दोर असेल तर स्प्रिंगकाट्याला बांधून ओढा आणि दीड ते दोन किलोला दोर सुटायला लागेल असं ठेवा. काठाला आलेला मासा दोरानं उचलू नका, खालून हातजाळी घाला. पाण्याबाहेर आला की त्याचं सगळं वजन दोरावर येतं.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. जलपर्णीत मरळ धरायचा असेल तर ब्रेडेडच पाहिजे. तो गवत कापत येतो, ताणत नसल्यामुळं गळ लगेच बसतो आणि पाण्यावर तरंगतो. तिथं पंधरा किलोच्या वरचा घ्या. पण ‘सगळ्या माशांना’ हे चूक. रोहू, मृगळ, सायप्रिनस यांची तोंडं मऊ असतात. न ताणणाऱ्या दोरावर हिसका बसला की ओठ फाटून गळ सुटतो. त्यांना ०.३० ते ०.३५ चा तंगूस, मोठ्या कटल्याला ०.४०, आणि बांबूच्या काठीवर चिलापी धरायला ०.१८ ते ०.२० पुरतो. शिवड्याच्या तोंडात कानशीसारखे बारीक दात असतात, त्याला गळाजवळ ०.७० चा हातभर तुकडा जोडा.

आणखी एक गोष्ट संदेशात नाहीच. ब्रेडेड ताणाखाली दगडाच्या कडेवर घासला की त्याचे बारीक तंतू एकेक करून तुटतात. दूधगंगा, वेदगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणजे नुसत्या कडाच. हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं. पाणी भरलेलं असताना असे दगड खालीच असतात, आणि दोर त्यांच्यावरूनच जातो. तिथं ब्रेडेडच्या पुढं दोन-तीन हात जाड तंगूस जोडल्याशिवाय टाकू नका.

फ्लोरोकार्बन दिसत नाही, हे जाहिरातीतलं वाक्य आहे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो तो आकडा) १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. हा आकडा पाण्याच्या जितका जवळ, तितका दोर पाण्यात कमी दिसतो. म्हणजे फ्लोरोकार्बन कमी दिसतो, पण दिसतो. पावसाळ्यात कृष्णेच्या गढूळ पाण्यात पांढरा कागदही दिसत नाही, तिथं त्यासाठी जास्तीचे पैसे का घालायचे? त्याचा खरा फायदा वेगळा आहे. तो घासायला टणक आहे, पाणी पीत नाही आणि पटकन बुडतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की गळाजवळ दोन हात जोडा. अख्खी रील भरू नका, ताठ असल्यामुळं वेटोळी उसळून गुंता होतो. आणि खरा की खोटा हे जाळून बघू नका, त्याचा धूर विषारी असतो.

गाठीचा नियम तर दोर वाया घालवणारा आहे. ब्रेडेड पॉलिथिलीनचा असतो, त्याला फेविक्विक नीट धरतच नाही, आणि गुळगुळीत असल्यामुळं साधी गाठ सरकते. पालोमार नावाची गाठ मारा. दोर दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून (वरच्या भोकातून) काढा, त्या दुहेरी दोराची सैल साधी गाठ घाला, पुढच्या फासातून आख्खा गळ पार करा, थुंकीनं ओलं करून सावकाश आवळा, टोक चार मिलिमीटर ठेवून कापा. ओलं न करता आवळलं तर घर्षणानं दोर तापतो आणि गाठीतच कमजोर होतो. तंगूसाला जोडताना दुहेरी युनी नावाची गाठ घाला, तंगूसाचे पाच वेढे आणि ब्रेडेडचे आठ. रीलवर ब्रेडेड भरण्याआधी दहा मीटर तंगूस खाली गुंडाळा, नाहीतर सगळा दोर चकतीवर गोल फिरत राहतो आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं.

तंगूस उन्हानं खराब होतो, एवढा दोष मात्र त्यात आहे. तो टपावर किंवा मोटरसायकलच्या हँडलला लटकवून ठेवू नका. दर वेळी गळ टाकण्याआधी शेवटचे दोन हात नखावरून ओढून बघा, खरखरीत लागलं की तेवढा तुकडा कापून टाका. कापलेला तुकडा काठावर सोडू नका, बगळ्याच्या पायात अडकतो आणि म्हशीच्या वैरणीत जातो. बारीक तुकडे करून घरी आणा.