खामचं पाणी आणि पावसाळ्याचे चार महिने

दादा, छत्रपती संभाजीनगरचं शुद्ध केलेलं सांडपाणी नुसतं खाम नदीत न सोडता शेतीला आणि कारखान्यांना द्यावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, ‘शहरात बसून लिहायला काय जातंय? कांचनवाडीच्या सांडपाणी केंद्राचं शुद्ध केलेलं पाणी खामला सोडलं नाही, तर एप्रिलात नदीत धुरळा उडेल आणि आमच्या शेताच्या मोटारी बंद पडतील.’

आधी चूक कबूल करतो. मागच्या लेखात प्रक्रिया केलेल्या पाण्याला मी सरसकट ‘घाण’ म्हटलं, तसं म्हणायला नको होतं. उन्हाळ्यात खाम वाहते ती शहराच्याच पाण्यावर.

पण नदीत सोडलं की विषय मिटला, हे मला पटत नाही. खाम जाते नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, आणि शहर पितं तेही नाथसागराचंच. बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते, त्याचं माप) मानकात बसला म्हणजे सेंद्रिय घाण कमी झाली, एवढंच. नत्र-स्फुरद तसंच पुढं जाऊ शकतं आणि त्यावर जलपर्णी पोसते. तुमच्या कपाशीला तेच खत म्हणून लागू पडतं, हेही खरं. (कोथिंबिरीला मात्र देऊ नका, ती लोक कच्ची खातात.)

‘मग सगळं शेतीलाच द्या’ म्हणाल, तर हिशोब करू. कांचनवाडीची क्षमता रोज 161 दशलक्ष लिटर. केंद्र पूर्ण क्षमतेनं चाललं आणि पिकाला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं, तर सव्वातीन हजार हेक्टरांच्या आसपास भिजतं. झकास! पण जुलै-ऑगस्टात ते कोण घेणार? शहराचे नळ आणि संडास तर पावसाळ्यातही चालूच. चार महिन्यांचं साठवायचं तर 19 दलघमीचा (दशलक्ष घनमीटरचा) तलाव हवा. त्याला जमीन तुम्ही देणार का?

म्हणून बारमाही गिऱ्हाईक लागतं. नागपूरचं रोजचं 130 दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची व्यवस्था झाली. आपल्याकडे वाळूज, शेंद्रा, बिडकीन या औद्योगिक वसाहती आहेतच. त्यांना आणखी शुद्धीकरण लागेल, उपशाचं वीजबिलही येईल. ते त्यांनीच भरावं.

कारखान्यांचं नाव काढलं की तुम्ही चिडणार, ठाऊक आहे. पण आज तुम्ही उचलता ते उरलेलं पाणी आहे. उद्या महापालिकेनं ते विकलं, तर तुमची मोटार कोणत्या कागदावर भांडणार? म्हणून कारखान्यांशी करार होण्याआधीच रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तनं (पाणी सोडण्याच्या पाळ्या) शेतकऱ्यांच्या नावे लेखी ठरवून घ्या, असं मी लिहिलं होतं. तुमच्याकडे असा कागद आधीच असेल तर दाखवा, लेखात दुरुस्ती करतो.