चहात गुपचूप मिसळायची ती पावडर जीव घेऊ शकते

"पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा, फक्त ७ दिवसांत!" हा मेसेज सोसायटीपासून भजनी मंडळापर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. परवा भांडुपच्या मावशीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "चहात घातली तर चव कळेल का गं?" म्हणजे पुडी घरात येऊन पडली होती.

मेसेज म्हणतो: आयुर्वेदिक पावडर गुपचूप चहा-आमटीत मिसळा. दारू एकदम तोडा आणि माणसाला तीन दिवस खोलीत कोंडा. दारू हा आजार नाही, मनाचा कमकुवतपणा आहे. डॉक्टरकडे नेऊ नका, ते गोळ्यांची सवय लावतात. आणि अगदीच राहवेना तर बिअर द्या, ती दारूत मोडत नाही.

आधी पावडर. मी पुडी हातात घेऊन पाहिली. चंदेरी पाकीट, वर 'शंभर टक्के नैसर्गिक'. घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. फक्त एक मोबाईल नंबर. आत काय आहे ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि ते जाणार कुणाच्या पोटात, तर वर्षानुवर्षं पिऊन ज्याचं लिव्हर आधीच थकलंय त्याच्या.

आत नुसता पाला असेल तर पैसे गेले. पण "पावडर दिली आणि दारू घेताच उलट्या झाल्या, औषध लागू पडलं" असे अनुभव त्याच मेसेजखाली लोक आनंदाने लिहितायत, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. दारूवर अशी रिअ‍ॅक्शन आणणारं एक औषध खरंच आहे, डायसल्फिराम. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण लक्षात आला. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. लिव्हर एरवी ते लगेच निकामी करतं. हे औषध तेच काम अडवतं. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. हृदय कमजोर असेल तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वर, चौकटीत छापलेलं असतं: रुग्ण दारूच्या अमलाखाली असताना किंवा त्याला पूर्ण कल्पना न देता हे कधीही देऊ नये. बनवणाराच 'कधीही' म्हणतोय, आणि आपल्या ग्रुपवर तेच 'गुपचूप' करायला सांगतायत! डॉक्टर हे औषध देतात तेव्हा शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास जाऊ देतात, लिव्हर तपासतात, आफ्टरशेव्ह आणि खोकल्याच्या औषधातल्या अल्कोहोलबद्दलही बजावतात. ज्याला पत्ताच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जाणार. त्याने सावध राहायचं तरी कसं?

एकदम तोडून कोंडायचा सल्ला तितकाच घातक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की काही तासांत हात थरथरायला लागतात. काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, सकाळी कप-बशी धरता येत नाही, चहा स्टीलच्या ग्लासात अर्धाच ओतून द्यावा लागतो. ते फक्त सुरुवातीचं लक्षण. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार नसतील तर मृत्यूही येतो. नेमके हेच ते 'तीन दिवस'. हॉस्पिटलात यावेळी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आणि थरथर व फिट आवरणाऱ्या, रोज कमी करत नेलेल्या गोळ्या देतात.

या गोळ्यांची सवय लागू शकते, हे मान्य करावं लागेल. मेसेजमध्ये खरं काही असलंच तर एवढंच. म्हणून तर त्या थोडे दिवस, देखरेखीखाली देतात. पुढे तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट देतात, त्यांची सवय लागत नाही.

मनाचा कमकुवतपणा म्हणणाऱ्यांनी मावशीसारख्या बायकांचं फार नुकसान केलंय. लाजेपायी त्या कुणाला सांगत नाहीत. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्यांच्या घरी अशा पुड्या जातात.

बिअरचा हिशेब सरळ आहे. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलीटर बाटलीत ५२ मिलिलीटर अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या ३० मिलिलीटरच्या चार पेगांइतकं.

मुंबईत जायला जागा आहेत. केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट, त्यांच्या मीटिंग मराठीतही होतात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. काका यायला तयार नसतील तर मावशीने एकटीने आधी जावं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे गट आहेत, तिथे पिणारा सोबत लागत नाही.

आणि ज्यांनी पावडर आधीच दिली असेल त्यांनी आजच थांबवावी, पाकीट फेकू नये, आणि त्या माणसाला खरं सांगावं. आत डायसल्फिराम असेल तर शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारूवर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. छातीत धडधड, उलट्या, चक्कर सुरू झाली तर पाकीट घेऊन थेट कॅज्युअल्टीत जा आणि काय, किती, कधीपासून दिलं ते डॉक्टरला सांगा.