सात वाजले की भिंगरी चावते

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात २८ असतात असं व्हेट म्हणाले. मला विचाराल तर आमच्या भिंगरीला शंभर तरी असावेत, कारण माझा अंगठा, पायजम्याची नाडी आणि आईच्या गाऊनची झालर हे सगळं ती जवळपास एकाच वेळी धरते. वेळही ठरलेली. संध्याकाळी सातला आईची सिरीयल लागली की हिच्या अंगात येतं, सोफ्यावरून टीपॉयखाली आणि तिथून थेट माझ्या पोटरीला.

कुठेतरी वाचलं की पिल्लं आपापसात खेळताना एखादं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं, त्यातूनच त्यांना जोर किती लावायचा ते कळतं, तर आपणही तसंच केकाटायचं. केकाटलो. भिंगरीला वाटलं वाजणारं खेळणं मिळालं, तिने लगेच दुसरा हात पण वाजवून बघितला. वर शेजारच्या काकू दारात, "काय रे, भांडण झालं का दोघांचं?"

मग व्हेट म्हणाले, ओरडू नका, हात झटकू तर अजिबात नका, हललं की तिला अजून चेव येतो. चावली की गप उठायचं, अर्धा मिनिट तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ऐकायला सोपंय हो, पण नाडी तिच्या तोंडात असताना एका हाताने पायजमा धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभं राहून दाखवा! (रक्त आलं तर मात्र जखम साबणाने नीट धुवून सरळ डॉक्टर गाठायचा, तिथे मस्करी नाही.)

पण फरक पडला. आता ती आधी हलकेच दाबते, मग माझ्या तोंडाकडे बघते, अंदाज घेते. हिरड्या शिवशिवल्या की फ्रीजरमधलं गाठ मारलेलं ओलं फडकं चघळत बसते. आणि सातचा तमाशा म्हणजे बऱ्याचदा नुसती झोप आलेली असते, दिवसाचे १८ तास झोपणारी जात ही, अंधाऱ्या खोलीत ठेवली की दोन मिनिटांत घोरते.

अडचण बाबांची आहे. ते तिच्या नाकासमोर बोटं नाचवतात, "चाव, चाव बघू!" आणि मनगटावरचे ओरखडे बाहीखाली सरकवून म्हणतात, "मला नाही बुवा चावत." शेवटी आईने तोच नियम त्यांना लावला, बोटं नाचवली की अर्धा तास कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही.

आता ते पेपर हातात घेऊनच बोटं नाचवायला बसतात.